पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीने करावं की ओपन? आणि कॉम्प्लिकेशन नेमकी होतात कशी, कळतात कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की आईच्या पित्ताशयात खडे आहेत, वरचेवर दुखतं, सर्जननी दुर्बिणीने पित्ताशय काढायला सांगितलंय, पण ओळखीतल्या एकांना अशाच ऑपरेशननंतर आत पित्त गळालं आणि महिनाभर हाल झाले, म्हणून आता घरात चर्चा अशी की मोठा छेद घेऊन, डोळ्यांनी नीट बघून केलेलं बरं नाही का. आणि दुसरं, एवढ्या छोट्या छेदाच्या ऑपरेशनमध्ये कॉम्प्लिकेशन होतातच कशी.

उत्तर आधी देतो, दुर्बिणीनेच करून घ्या. वीसेक वर्षं मी पोटाची हीच ऑपरेशन्स करतोय आणि माझ्या घरातल्या माणसाचं असतं तरी हेच सांगितलं असतं. पण तुमच्या घरच्यांची भीती उगाच नाहीये, तिला धरूनच बोलू.

सगळा गोंधळ "छोटं ऑपरेशन" या शब्दाने होतो. छेद छोटा असतो, ऑपरेशन छोटं नसतं. आत पित्ताशय तेच, त्याची नळी तीच, रक्तवाहिनी तीच, शेजारी लिव्हर, आतडं, मुख्य पित्तनळी सगळं जिथल्या तिथे. मोठ्या छेदाने करायचो ते सगळं काम चार छोट्या भोकांतून करायचं असतं, एवढाच फरक. त्याचा फायदा खरा आहे, वेदना कमी, जखम पिकायचं प्रमाण कमी, माणूस त्याच दिवशी संध्याकाळी चालायला लागतो, छातीत कफ साठत नाही, पुढे हर्निया व्हायची शक्यता कमी. पण आतली जोखीम छेदाच्या मापाने कमी होत नाही, काही बाबतीत तिचं रूप बदलतं फक्त.

पहिली पायरी पोटात गॅस भरायची. कार्बन डायऑक्साइड, साधारण १२ ते १५ मिलिमीटर मर्क्युरी प्रेशरने, म्हणजे पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि काम करायला जागा मिळते. हाच गॅस का, तर तो पेटत नाही (आत आम्ही विजेच्या करंटने पेशी कापतो, जाळतो) आणि रक्तात पटकन विरघळून श्वासावाटे बाहेर जातो. ऑपरेशननंतर उजवा खांदा दुखतो आणि लोक घाबरतात, हार्टचं काही आहे का म्हणून. तर डायफ्रामला म्हणजे छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला जाणारी नस मानेतून निघते, पडदा ताणला किंवा उरलेल्या गॅसने चुरचुरला की मेंदूला ते दुखणं खांद्यात आहे असं वाटतं. दोन-तीन दिवसांत जातं. आईला हे आधीच सांगून ठेवा, माहीत असलं की निम्मी भीती तिथेच संपते.

पोटात पहिलं शिरणं हा मात्र नाजूक क्षण असतो, कारण कॅमेरा आत जाईपर्यंत आपल्याला काही दिसत नाही. बेंबीपाशी जी सुई वापरतात ती हंगेरीच्या व्हेरेस नावाच्या डॉक्टरांनी १९३० च्या दशकात टीबीच्या पेशंटच्या छातीत हवा भरण्यासाठी बनवली होती, टोकाला स्प्रिंग असते, मोकळी जागा लागली की बोथट भाग पुढे येतो आणि धार झाकली जाते. तरीही क्वचित आतड्याला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, प्रमाण हजारात एखादं, पण झाली तर गंभीर असते. दुसरी पद्धत हॅसनची, त्यात छोटा छेद घेऊन एकेक थर डोळ्यांनी बघत आत जायचं. ज्यांचं पोटाचं आधी ऑपरेशन झालंय त्यांच्या आत आतडं जुन्या व्रणाला चिकटलेलं असू शकतं, तिथे सुई आंधळेपणाने घालायची नसते, मग आम्ही डाव्या बरगडीच्या खालून शिरतो किंवा हॅसनने जातो. म्हणून आईचं आधी काहीही झालं असेल, सिझेरियन असो, अपेंडिक्स असो, तीस वर्षांपूर्वीचं असलं तरी, सर्जनना आवर्जून सांगा, लोक "ते जुनं आहे" म्हणून सांगतच नाहीत.

आता मुख्य मुद्दा, पित्तनळीची इजा. या ऑपरेशनमधली सगळ्यात जास्त भीती वाटावी अशी गोष्ट हीच आणि प्रत्येक सर्जनला दरवेळी ती वाटायलाच हवी असं माझं मत आहे.

लिव्हरमधून येणारी मुख्य पित्तनळी खाली आतड्यात उघडते. पित्ताशय तिला एका बारीक फांदीने जोडलेलं असतं. आपल्याला ती फांदी बंद करून कापायची असते आणि मुख्य नळीला हात लावायचा नसतो. ऐकायला सोपं आहे, पण आत गेल्यावर हे असं रंग देऊन वेगळं दाखवलेलं नसतं, सगळं पिवळसर चरबीत गुंडाळलेलं असतं, आणि वारंवार सूज येऊन गेलेली असेल तर ती चरबी ओल्या चामड्यासारखी घट्ट झालेली असते. त्यात दुर्बिणीच्या कामात आम्ही पित्ताशय पकडून वर डोक्याच्या दिशेने ओढतो. त्याच्या मानेला बाहेरच्या बाजूला ताण दिला तर फांदी आणि मुख्य नळी यांच्यात नीट कोन तयार होतो, पण मानसुद्धा वरच ओढली गेली तर दोन्ही नळ्या एका सरळ रेषेत येतात आणि स्क्रीनवर एकच नळी पित्ताशयात जातेय असं दिसतं. मुख्य नळी बारीक असलेल्या माणसात तर ती हुबेहूब फांदीसारखी वाटते. सर्जन शांतपणे, कुठलीही घाई न करता, रक्ताचा थेंब न सांडता, क्लिप लावून चुकीची नळी कापतो आणि त्या क्षणी त्याला वाटत असतं की आजची केस छान झाली.

हे मी वाढवून सांगत नाहीये. अशा २५२ इजांचा अभ्यास २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला, त्यात ९७ टक्के ठिकाणी चूक हाताची नव्हती, डोळ्यांना झालेल्या भासाची होती. म्हणून "हात चांगला आहे" एवढ्यावर भागत नाही. पद्धत लागते. ती पद्धत स्ट्रासबर्ग या सर्जननी १९९५ मध्ये मांडली, तिला क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी म्हणतात. काहीही कापण्याआधी तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत, फांदी, मुख्य नळी आणि लिव्हर यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी आणि जाळं पूर्ण साफ, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग लिव्हरपासून सुटा झालेला, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, तिसरं काही नाही. जवळून बघितलं तर ते असं असतं, हुक म्हणजे करंट देणाऱ्या आकडीच्या टोकावर एकेक पातळ पडदा उचलायचा, बघायचं की आरपार प्रकाश दिसतोय, मगच करंट द्यायचा, पुन्हा पुढचा पडदा. मग पित्ताशय डावीकडे उलटवून मागची बाजू बघायची, पुन्हा पुढची. शेवटी दोन धागे उरतात आणि त्यांच्या मागच्या खिडकीतून लिव्हरचा तांबूस-तपकिरी पृष्ठभाग दिसतो. ही खिडकी दिसली की मी हात थांबवतो, फोटो काढतो, सिस्टरला मोठ्याने सांगतो "दोन स्ट्रक्चर दिसतायत", असिस्टंटला विचारतो तुला पटतंय का. अर्धा मिनिट जातो. तो अर्धा मिनिट मी एकाही केसमध्ये वाचवलेला नाही.

प्रमाणाचं म्हणाल तर मुख्य पित्तनळीची इजा दुर्बिणीत हजारात साधारण दोन ते पाच, ओपनमध्ये हजारात एक ते दोन असं धरतात. म्हणजे हो, या एका बाबतीत ओपन थोडं पुढे होतं, तुमच्या घरच्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण बाकीच्या गोष्टी, छातीचा त्रास, जखमेचं इन्फेक्शन, हर्निया, पायात रक्ताच्या गाठी, हे सगळं ओपनमध्ये जास्त आणि त्यानेही माणसं दगावतात. शिवाय अजून एक, आजचे तरुण सर्जन ओपन पित्ताशय फार कमी करतात, ठरवून ओपन केलं म्हणजे आपोआप जास्त सुरक्षित असं राहिलेलं नाही.

थोडं मागचं सांगतो कारण त्यातून कळतं की हे तंत्र किती अडखळत आलं. १९८० मध्ये जर्मनीतल्या कील शहरात कुर्ट झेम नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी दुर्बिणीने अपेंडिक्स काढलं, तेव्हा सर्जन लोकांनी त्यांच्यावर टीकाच केली. १२ सप्टेंबर १९८५ ला बोब्लिंगेन इथे एरिक म्यूहे यांनी पहिल्यांदा दुर्बिणीने पित्ताशय काढलं, पुढच्या वर्षी जर्मन सर्जन्सच्या परिषदेत मांडलं तर कोणी गंभीरपणे घेतलं नाही. १९८७ मध्ये फ्रान्सच्या ल्योंमध्ये मूरे यांनी केलं आणि तिथून मात्र वणव्यासारखं पसरलं. एवढं जोरात पसरलं की शिकण्याआधी करणं सुरू झालं, आणि नव्वदच्या सुरुवातीला पित्तनळीच्या इजा वाढल्या. सेफ्टीचे नियम आले ते या इजांनंतर, आमच्या आधीच्या पेशंट लोकांनी त्याची किंमत मोजली आहे हे मी विसरत नाही.

खिडकी दिसलीच नाही तर? मग थांबायचं. हे सगळ्यात अवघड आहे आणि इथेच सर्जनची परीक्षा असते. पर्याय असतात, मुख्य नळीत डाय घालून एक्स-रे काढता येतो, आयसीजी नावाचा हिरवा डाय शिरेतून देऊन खास कॅमेऱ्यात पित्तनळ्या चमकलेल्या बघता येतात, अनुभवी सहकाऱ्याला टेबलवर बोलावता येतं, पित्ताशयाचा मानेकडचा भाग तसाच ठेवून बाकीचं काढता येतं, त्याला सबटोटल म्हणतात, किंवा पोट उघडता येतं. दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन ओपन करावं लागलं म्हणजे बिघडलं असं नातेवाईक समजतात, बाहेर येऊन सांगितलं की चेहरे पडतात. कृपा करून असं समजू नका. मला उलट त्या सर्जनची काळजी वाटते जो अभिमानाने सांगतो की मला कधी ओपन करावंच लागलं नाही.

आता तुमच्या ओळखीच्यांना झालं ते. पित्त गळणं म्हणजे दरवेळी मुख्य नळी कापली असं नसतं, बऱ्याचदा फांदीवरची क्लिप सैल होते किंवा लिव्हरच्या बाजूने पित्ताशयाच्या जागेत येणारी एखादी केसासारखी बारीक नळी उघडी राहते. यावर उपाय बहुतेक वेळा सोपा असतो, पण वेळेवर कळलं तर.

माझीच एक केस सांगतो. पंचेचाळिशीच्या बाई, ऑपरेशन अगदी सरळ झालं, दुसऱ्या दिवशी घरी. त्या संध्याकाळी त्यांच्या मिस्टरांनी फोन केला, पोट जड वाटतंय, आमच्याकडून सांगितलं गेलं गॅस असेल, पेनकिलर घ्या. तिसऱ्या दिवशी रात्री पुन्हा फोन, यावेळी माझ्यापर्यंत आला, "काल बरी होती तेवढीही आज नाही, नुसती पडून आहे." मी म्हटलं मनगट धरा आणि मिनिटभर ठोके मोजा. ११६. ताप नाही, उलटी नाही, पोटसुद्धा कडक नव्हतं, पित्त पोटात साठायला लागलं की सुरुवातीला पोट मऊच लागतं, तिथेच फसायला होतं. बोलावून घेतलं, सोनोग्राफीत लिव्हरखाली पाणी, सुई घातली तर सिरिंजमध्ये गडद सोनेरी-हिरवं पित्त. रात्रीच ड्रेन, म्हणजे पित्त बाहेर काढायची नळी टाकली, दुसऱ्या दिवशी ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे एंडोस्कोप घालून, मुख्य नळीच्या तोंडात प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे छोटी पोकळ नळी. स्टेंटचं काम एवढंच की पित्ताला आतड्याकडे जायला मोकळी वाट मिळते, मग ते भोकाकडे जात नाही आणि भोक आपोआप भरतं. ड्रेनला पहिल्या दिवशी चारशे मिली, मग दीडशे, मग वीस, आठवड्याभरात बंद, सहा आठवड्यांनी स्टेंट काढला, बाई आज ठणठणीत. पण तो पहिला फोन "गॅस असेल" म्हणून परतवला गेला, ती चूक आमची होती आणि मी त्यांना तसं सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक पेशंटला दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी आम्ही स्वतः फोन करतो आणि दोनच गोष्टी विचारतो, कालच्यापेक्षा आज बरं आहे का आणि नाडी किती.

हाच मला या सगळ्या उत्तरात सांगायचा मुद्दा आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर माणूस रोज आदल्या दिवसापेक्षा बरा दिसला पाहिजे. दुखणं रोज थोडं उतरलं पाहिजे. ज्या दिवशी ते उलटं फिरेल, म्हणजे कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं, पोट फुगायला लागलं, भूक गेली, नाडी शंभरच्या वर राहायला लागली, त्या दिवशी कारण सापडेपर्यंत काहीतरी बिघडलंय असंच धरायचं. ताप यायची वाट बघायची नाही, ताप उशिरा येतो. डोळे पिवळे, लघवी गडद, थंडी वाजून ताप, सतत उलट्या, पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, यातलं काहीही असेल तर फोन न करता थेट हॉस्पिटल. आणि पेनकिलरचा डोस मनाने वाढवू नका, दुखणं झाकलं जातं आणि दोन दिवस वाया जातात.

हा नियम बाकीच्या पचनसंस्थेच्या ऑपरेशनांनाही तसाच लागू आहे. आतडं जवळून जाणाऱ्या करंटने भाजलं तर त्याच वेळी भोक दिसत नाही, फक्त पांढरट डाग असतो, तो भाग मरून फुटतो तीन-चार दिवसांनी, कधी आठवड्याने, तोवर पेशंट घरी पोचलेला असतो. मोठ्या आतड्याचा कॅन्सरचा भाग काढून दोन टोकं जोडली असतील तर तो जोड गळायची भीती पहिल्या आठवड्याभर, विशेषतः पाचव्या ते सातव्या दिवशी, आणि जोड जितका गुदद्वाराजवळ तितकी जास्त, म्हणून तिथे काही वेळा वर तात्पुरता स्टोमा काढतात, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर आणतात. सुरुवातीला दुर्बिणीने कॅन्सरचं ऑपरेशन करू नये, भोकांच्या जागी पसरतो असं म्हणायचे, पुढे मोठ्या ट्रायल्स झाल्या आणि २००४ पासून स्पष्ट होत गेलं की कोलनच्या म्हणजे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये नीट केलं तर निकाल ओपनएवढेच येतात. वजन कमी करायच्या स्लीव्ह ऑपरेशनमध्ये (जठराचा मोठा भाग कापून त्याची बारीक नळी करतात) स्टेपलची लाइन वरच्या टोकाला, अन्ननलिकेजवळ गळते, आणि जाड पेशंटच्या पोटाला हात लावून काही कळत नाही, बहुतेक वेळा पहिली खूण वाढलेली नाडीच असते. वजनासाठीच पोटाचं बायपास (हार्टचं नव्हे) झालेल्या माणसाला वर्षा-दोन वर्षांनी, वजन उतरल्यावर, अचानक पोटात जोरात कळा आल्या तर आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं, त्याने कुठल्याही डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य "माझं पोटाचं बायपास झालंय" हेच सांगावं.

अॅसिडिटीसाठी फंडोप्लिकेशन करतात, म्हणजे जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात, त्यात काही जणांना सुरुवातीचे आठवडे गिळायला अडकल्यासारखं होतं, ढेकर देता येत नाही, पोट फुगतं, बहुतेकांचं कमी होतं पण हे आधी सांगायला हवं. अकॅलेशियासाठी, म्हणजे अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट न उघडल्याने घास अडकतो त्या आजारासाठी, आता पोएम नावाची, पोटाला छेदच नसलेली प्रोसिजर आहे, जपानमध्ये इनोऊए यांनी २००८ मध्ये माणसात पहिली केली, तोंडावाटेच अन्ननलिकेचा स्नायू कापतात, गिळणं छान सुधारतं पण नंतर अॅसिड वर यायचा त्रास बऱ्याच जणांना होतो. आणि ईआरसीपी, जिने माझ्या पेशंटला वाचवलं, तिनेसुद्धा स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, शंभरात तीन ते दहा जणांना, बहुतेकांची हलकी, काहींची जोरदार. म्हणून नुसतं बघण्यासाठी ती करत नाहीत, बघायला एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्यांचा एमआरआय आहे.

आता आईसाठी. सर्जनना भेटाल तेव्हा न संकोचता विचारा की मुख्य नळीत खडा आहे का हे बघितलंय का (रक्तातले लिव्हरचे रिपोर्ट आणि सोनोग्राफीत नळीची रुंदी), आत अवघड निघालं तर तुम्ही काय करता, आणि रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार. दुसऱ्या प्रश्नावर जो सर्जन मोकळेपणाने सबटोटल, ओपन, मदतीला कोणाला बोलावणार असं बोलतो त्याच्याकडे निर्धास्तपणे करून घ्या. रोबोट आहे का हे विचारायची मात्र गरज नाही, पित्ताशयासाठी त्याने सेफ्टी वाढते असं मला दिसलेलं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. आणि वरचेवर दुखतंय तर भीतीपोटी पुढे ढकलू नका, प्रत्येक अटॅकला तिथली चरबी अजून घट्ट होते आणि आज सोपं असलेलं ऑपरेशन सहा महिन्यांनी अवघड होऊन बसतं. त्यात एखादा खडा निसटून मुख्य नळीत गेला तर कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज, ती ऑपरेशनपेक्षा कितीतरी धोक्याची.

क्लिपा बहुतेक टायटॅनियमच्या असतात आणि आतच राहतात, पुढे एमआरआय करायची वेळ आली तर चालतो, हे लोक नेहमी विचारतात म्हणून लिहिलं. आणि काढलेलं पित्ताशय तपासणीला जातं, त्याचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो, तोवर पेशंट बरा झालेला असतो म्हणून कोणी आणायलाच जात नाही. क्वचित त्यात असं काही निघतं की पुढे उपचार लागतात, तेव्हा टाके दाखवायला जाल त्या दिवशी तो कागद हातात घेऊन, सर्जनकडून वाचून घेऊनच या.